१,९०,००० चं मशीन घ्यायच्या आधी त्या गोधडीचा हिशोब मांडूया

नाशिकहून एका ताईंचं भलंमोठं पत्र आलंय, नाव नको म्हणाल्यात म्हणून नुसतं ताईच म्हणते. थोडक्यात असं की वय ४४, मिस्टर प्रायव्हेट कंपनीत, हातात ५२,००० येतात, घरखर्च ३८,००० च्या आसपास, उरलेल्यातून मुलीचा अकरावीचा क्लास आणि ५,००० ची एसआयपी, घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. ताई घरी गोधड्या शिवतात, बाळाची दुपटी-टोपडी करतात, पिको-फॉल करतात, त्यातून महिन्याला ७-८ हजार सुटतात. एफडी एकच, ३ लाखांची. आता त्यांना कॉम्प्युटरवाली एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायचीय, १,९०,००० ची, तर एफडी मोडू की पर्सनल लोन काढू, हा प्रश्न. आणि जोडीला दुसरा, की जुन्या नाशकात एक वाडा पाडतायत, तिथलं सागवानी कपाट ९,००० ला आणि मोठं टेबल ४,५०० ला मिळतंय, पण मिस्टर म्हणतात भंगार बास झालं, ४८,००० चा मॉड्युलर वॉर्डरोब नो कॉस्ट ईएमआयवर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर, घेऊन टाकू.

ताई, उत्तर आधी देते आणि कारणं मागाहून. मशीन नको. एफडी मोडून नको आणि लोन काढून तर नकोच नको. कपाट आणि टेबल घ्या.

आता कारणं. तुम्ही पत्रात एक फार चांगली गोष्ट केलीय, कुठल्या कामाला किती तास लागतात ते लिहिलंय, बहुतेक बायका ते मोजतच नाहीत, टीव्ही बघता बघता टाके घातले की ते तास जणू आपले नव्हतेच. गिऱ्हाईक स्वतःच्या साड्या आणून देतं, तुम्ही अख्खी गोधडी हाताने धावदोऱ्याने शिवता, १,४०० घेता, दोरा १२० चा, वेळ ४५ तास. म्हणजे तासाला २८ रुपये. परत वाचा, अठ्ठावीस. फॉल-पिकोचे ८० घेता, फॉल २० चा, वेळ ४० मिनिटं, म्हणजे तासाला ९०. आणि ते बाळाचे सेट, दुपटं-टोपडं-झबलं, ६५० ला विकता, सामान ९० चं कारण कापड घरातल्याच जुन्या सुती साड्यांचं, वेळ साडेतीन तास. तासाला १६०! ज्या कामाचं तुम्हाला सगळ्यात जास्त कौतुक होतं, सगळ्या सोसायटीत ज्याच्यावरून तुम्हाला ओळखतात, ते काम तुम्हाला सगळ्यात कमी देतंय आणि जे तुम्ही "असंच मधे मधे करते" असं लिहिलंय ते सगळ्यात जास्त.

म्हणून मशीनचा प्रश्न मला जरा चुकीच्या टोकाने विचारलाय असं वाटतं. त्या मशीनवर तुम्ही करणार काय, तर दुपट्यावर बाळाचं नाव आणि एखादा हत्ती-ससा, त्याचे सेटमागे १५० जास्तीचे मिळतील असा तुमचा अंदाज, आणि तो मला पटतो. धागा आणि कापडामागे लावायचा बॅकिंग पेपर मिळून २० जातील, राहिले १३०. आता १,९०,००० चं लोन १५ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी धरा, हप्ता बसतो साधारण ६,५९० आणि नुसतं व्याजच ४७,००० च्या पुढे जातं. हप्ता भागिले १३० करा. महिन्याला ५१ नावं भरली तर फक्त हप्ता निघेल, तुमच्या मेहनतीचा रुपया अजून आलेलाच नाही. तुम्ही सेट किती विकता? महिन्याला आठ.

आणि गंमत म्हणजे उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही लिहिलंय की मेन रोडचा एम्ब्रॉयडरीवाला एका नावाचे ७० घेतो आणि "तो आपला नफा खातो". अहो खाऊ दे की! तुम्ही १५० घेणार, त्याला ७० देणार, ८० तुमच्या हातात, मशीन त्याची, दुरुस्ती त्याची, सुई तुटली तर त्याची, हप्ता पण त्याचाच. आठ सेटचे ६४० रुपये काहीही न गुंतवता. ज्या दिवशी तुम्ही त्याला महिन्याला साठ-सत्तर नावं देताय आणि सलग सहा महिने देताय, त्या दिवशी मला परत पत्र लिहा, मी स्वतः मशीन घ्या म्हणेन.

एफडीचं बोलायचं तर मोडली की बँक जितके दिवस ठेवली तितक्या दिवसांचा रेट लावते आणि वर बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का कापते, पण माझा खरा आक्षेप तो नाहीच. ३ लाख म्हणजे तुमच्या घराचा जेमतेम आठ महिन्यांचा खर्च आणि ती एसआयपी सोडली तर दुसरं काही नाही, मिस्टरांचा मेडिक्लेम पण कंपनीचाच, नोकरी गेली तर पगार आणि मेडिक्लेम एकाच दिवशी जाणार. त्या एफडीला हात लावायचा नाही. मधे खरंच अडलं तर त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढे पैसे उचलायची सोय, मिळतो, एफडीच्या रेटपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतो, एफडी तशीच चालू राहते.

मशीन घ्यायचंच असेल तर दुसरं घ्या, हे मी मनापासून सांगते. तुम्ही लिहिलंय की आहे ते जुनं पायडलचं, वर मोटर बसवलेली, जाड कापडावर टाके सोडतं. गारमेंटवाल्याकडचं सेकंडहँड इंडस्ट्रियल मशीन टेबल आणि सर्व्हो मोटरसकट १६,००० ला मिळतंय म्हणालात, ते घ्या. सर्व्हो मोटर म्हणजे पाय दाबला तरच वीज खाते, जुन्या क्लच मोटरसारखी रिकामी घरघरत बसत नाही, खालच्या मजल्यावरच्यांशी भांडणही होत नाही. फक्त बघायला जाताना घरून मलमल आणि जीन्सचा चार पदरी तुकडा दोन्ही घेऊन जा, दोन्हीवर टीप मारून बघा, खालच्या बाजूला लूप पडतायत का, तेल गळतंय का, चाक हाताने फिरवल्यावर कुठे अडकतंय का. आणि साधी चिठ्ठी का होईना, पावती घ्या, त्यावर मशीनचा नंबर लिहून घ्या. यावर पिको होणार नाही हे लक्षात असू द्या, जुनं मशीन त्यासाठी राहू दे.

या मशीनवर आडव्या-उभ्या टिपांची गोधडी सहा तासांत निघते, ९०० घेतले आणि १०० चा दोरा गेला तरी तासाला १३३. मग सरळ दोन भाव सांगायचे, मशीनची ९००, हाताची ३,५००. गिऱ्हाईक म्हणेल, अहो काकू मागच्या वर्षी तर १,४०० घेतलेत. म्हणू दे. ३,५०० ला सुद्धा तासाचे ७५ च पडतात, म्हणजे ती अजूनही हौसच आहे, फक्त आता जरा कमी तोट्यातली. हातशिलाई सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, माझ्या आजीची वाकळ अजून माझ्या पलंगावर आहे, ठिगळावर ठिगळ, मूळची साडी कुठली ते आता कुणालाच सांगता येत नाही. पण आजी ती विकत नव्हती.

सोळा हजार कुठून आणायचे, तर तुमच्याच दोन महिन्यांच्या कमाईतून. आणि एक सरकारी वाट बघून ठेवा, पीएम विश्वकर्मा योजना, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. काही दिवसांचं ट्रेनिंग असतं, त्याचे दिवसाला ५०० मिळतात, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं व्हाउचर, आणि लागलंच तर पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत विनातारण कर्ज ५ टक्क्यांनी. कुटुंबातल्या एकालाच मिळते, घरात सरकारी नोकरी असेल तर मिळत नाही, तुमच्याकडे ती अडचण नाही. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमधून होते आणि तिला फी नाही, कुणी "करून देतो" म्हणून हजार-दोन हजार मागितले तर उठून या. पण पात्र ठरलात, मंजुरी आली तर आली, त्याच्या भरवशावर दिवाळीच्या ऑर्डरी अडवून ठेवू नका. एम्ब्रॉयडरी मशीनसाठी हे कर्ज घेऊ का, असं लगेच विचाराल म्हणून आधीच सांगते, ५ टक्के असले तरी आठ सेटचे आठच सेट राहतात.

आता कपाट. मिस्टरांची बाजू मी समजू शकते, कारण तुम्हीच कबूल केलंय की गॅलरीत चार मोडक्या खुर्च्या आहेत, दोन ट्रंका साड्यांनी भरल्यात आणि दर महिन्याला दीड-एक हजाराचं काहीतरी "स्वस्तात मिळालं" म्हणून घरी येतं. ताई, दीड हजार म्हणजे वर्षाचे १८,०००, म्हणजे ते मशीन आणि वर दोन हजार. पुढेमागे उपयोगी पडेल या तीन शब्दांत आपल्याकडच्या घरांतली निम्मी जागा गेलीय. तेव्हा अट अशी घाला, की कपाट आत यायच्या आधी गॅलरीतल्या खुर्च्या बाहेर, विका नाहीतर द्या, पण बाहेर.

पण या वेळचं कपाट हे त्या खुर्च्यांसारखं नाही. ९,००० अधिक ४,५००, टेम्पो १,२००, हमाल ८००, सुतार आणि पॉलिश ५,००० धरले तर २०,५०० ला दोन्ही वस्तू घरात. टेबलावर तुम्ही कटिंग करणार, आत्ता जमिनीवर बसून करता आणि कंबर धरते असं लिहिलंय, तर साधं टेबल तीस इंच उंच असतं, पायांखाली चार-पाच इंचाचे ठोकळे लावून घ्या, उभ्याने वाकावं लागत नाही. सागवान असल्याची खात्री नुसतं वरचं पॉलिश बघून करू नका, खण बाहेर काढून मागची-खालची बाजू बघा, तिथे पॉलिश नसतं, खरं लाकूड दिसतं. बोटाने ठोकून पोकळ आवाज येतो का, बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडलाय का, पायांशी वाळवीची माती आहे का. जिवंत कीड दिसली तर फुकट दिलं तरी नको.

वॉर्डरोबवाला नो कॉस्ट म्हणतोय ते कागदावर उलटं वाचा. रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. रोख घेतलं तर जी सूट मिळाली असती ती तुम्ही सोडता, तेच व्याज, वर प्रोसेसिंग फी, आणि कार्डावर असेल तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. दुकानात एकच विचारा, आज रोख दिले तर कितीला? ४८,००० मधून जेवढे कमी होतील तो तुमचा कॉस्ट. शिवाय तो वॉर्डरोब पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा आहे, पावसाळ्यात भिंतीला ओल आली की खालची कड फुगणार, आणि घर बदललं तर एकदा उकललेला तो दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

कमाईचं एक राहिलं. ते ७-८ हजार भाजी-दुधात विरघळतात असं तुम्ही लिहिलंय. स्वतःच्या नावाने वेगळं सेव्हिंग खातं काढा, क्यूआर त्याचाच लावा, आणि त्यातून पोस्टाची आरडी चालू करा, २,००० ची असली तरी चालेल. पुढच्या मशीनचे पैसे तिथे साठतील, आणि मुख्य म्हणजे धंदा किती होतोय ते पासबुकात दिसेल. जीएसटीची भीती मैत्रिणीने घातलीय ती सोडून द्या, नुसत्या पिको-फॉलसारख्या कामालाही ती मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, तुमची कमाई लाखाच्याही आत आहे.

आणि हो, ॲडव्हान्स द्यायच्या आधी टेप घेऊन जा. कपाटाची उंची-रुंदी तर घ्याच, पण तुमच्या जिन्याच्या वळणाची आणि दाराची पण. आम्ही ठाण्यात असंच एक शिसवी कपाट ६,००० ला हौसेने घेतलं, लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना, शेवटी दोरखंड बांधून बाल्कनीतून वर घेतलं आणि हमालांनी त्याचे २,५०० घेतले, ते सुद्धा चहा-वडापाव धरून नाही.