स्टब म्हणजे स्थळप्रत?

गंगापूर रोडवरून एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने विचारलंय: जावास्क्रिप्टमधला प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवरच्या, जावात लिहिलेल्या फंक्शनला कॉल करतो, तेव्हा मधे ‘स्टब’ असतो. मराठी अहवालात त्याला कोशातला ‘स्थळप्रत’ हा शब्द चालेल का?

नाही चालणार. स्थळप्रत म्हणजे पावती फाडून दिल्यावर पुस्तकात उरणारी प्रत. पण चूक अगदीच वाया गेलेली नाही. इंग्रजीत स्टब म्हणजे आधी तोडलेल्या झाडाचा बुंधा. चेकबुकात उरणारा तुकडा नंतरचा. दोन्हींत मूळ वस्तू गेली आणि मागे खूण राहिली. दुसऱ्या यंत्रावरच्या फंक्शनला असा कॉल करण्याला आरपीसी (रिमोट प्रोसीजर कॉल) म्हणतात; संगणकशास्त्रज्ञ बिरेल आणि नेल्सन यांच्या 1984 च्या त्यावरील निबंधात हाच शब्द आहे. खरं फंक्शन दुसऱ्या यंत्रावर, इथे त्याच नावाचं, तीच माहिती घेणारं ठाणं. ते माहितीचं गाठोडं बांधून नेटवर्कवर सोडतं, पलीकडचं ठाणं गाठोडं उघडतं.

माझं मत ‘खुंट’ला. पिंपळगाव बसवंतच्या कुठल्याही द्राक्षबागाईतदाराला विचारा: खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉमसनचं कलम. मुळं एका जातीची, वेल दुसऱ्या जातीची, आणि रस जोडातून चढतो. (उपमा फार ताणू नका. बागेत खुंट एकच, इथे दोन्ही टोकांना लागतो.)

कलमात सालीला साल भिडली नाही तर जोड धरत नाही. इथे साल म्हणजे टाइप, माहितीचा प्रकार. जावाचा ‘लाँग’ 64 बिटांचा; जावास्क्रिप्टचा साधा नंबर 9007199254740991 पर्यंतचेच सगळे पूर्णांक बिनचूक धरतो. त्यापुढचा ग्राहक क्रमांक पाठवला की शेवटचे आकडे गुपचूप बदलू शकतात, एररसुद्धा येत नाही. म्हणून प्रोटोबफ या माहितीचं गाठोडं बांधण्याच्या पद्धतीच्या जेसन, म्हणजे मजकुरी, रूपात 64 बिटांचे पूर्णांक अवतरणात, मजकूर म्हणून जातात. आणि म्हणूनच कुठला टाइप कुठे, हे आधी दोन्ही भाषांपासून अलिप्त अशा एका फाइलीत लिहितात आणि दोन्ही खुंट तिच्यावरून टूलकडून तयार करून घेतात. हाताने लिहिलेले खुंट आज ना उद्या एकमेकांपासून फुटतात.

क्रियापदही आयतं मिळतं. साध्या आरपीसीत उत्तर येईपर्यंत कॉल करणारा जागीच खुंटतो.

‘प्रकारबद्ध दूरस्थ कार्यपद्धती आवाहन’ मात्र लिहू नका, परीक्षकाला धाप लागेल. आरपीसीच ठेवा. आणि चाचणीसाठी जो खोटा स्टब बसवतात, पलीकडे कोणी नसताना ठरलेलं उत्तर देणारा, तो खुंट नव्हे. तो तोतया.