चौकट कोण आखतो?

प्रश्न : ज्याखाली समलिंगी संबंध गुन्हा ठरत, त्या कलम 377 विषयीची जुनी कात्रणे चाळताना न्यायालयाच्या युक्तिवादापेक्षा धर्मगुरूंच्या प्रतिक्रियाच ठळक दिसतात. असे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी निकाल दिला, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न राज्यघटनेच्या अनुच्छेद 14, 15 आणि 21 चा, म्हणजे समतेचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा होता, अनेक बातम्यांनी मात्र तो ‘संस्कृती विरुद्ध पाश्चात्त्य अनुकरण’ असा मांडला, आणि एकदा चौकट अशी आखली की दोन्हीकडच्या प्रतिक्रिया गोळा करणे ओघानेच आले. शिवाय निकालपत्र शंभराहून अधिक पानांचे आणि प्रतिक्रिया मिळते एका फोनवर. आवृत्ती सुटायची वेळ झालेला उपसंपादक काय निवडणार, हे उघड आहे. संस्कृतिरक्षणासाठी ज्याची ढाल केली गेली, ते कलम 1860 च्या ब्रिटिश दंडसंहितेतले, ही गोष्ट शीर्षकात क्वचितच आली.

दुसऱ्या बाजूच्या उत्साहानेही घोटाळा केलाच. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले. संमतीविना केलेली कृत्ये आणि अल्पवयीनांवरील अत्याचार यांना ते कलम तेव्हा लागू राहिले, तरी ‘377 रद्द’ अशी शीर्षके झळकली.