वजन उचलताना स्नायू वाढतो की खाली आणताना?

डंबेल वर उचलल्याने दंड भरतो की सावकाश खाली आणल्याने, आणि एकच करायचे तर काय करावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते निवड करण्याची गरज नाही. मात्र बहुतेक जण खाली आणण्याचा भाग वाया घालवतात.

वजन पेलताना स्नायू आखूड होतो (डंबेल उचलताना) ते कॉन्सेंट्रिक, लांब होत जातो (ते खाली आणताना) ते एक्सेंट्रिक आणि लांबी न बदलता जोर धरून ठेवतो ते आयसोमेट्रिक आकुंचन. (लांब होणाऱ्या क्रियेलाही आकुंचनच म्हणायचे, ही परिभाषेची अडचण आहे.) वाढीचे मुख्य कारण म्हणजे तंतूंवर येणारा ताण, आणि तो तिन्हींत येतो. मात्र एक्सेंट्रिकमध्ये स्नायू अधिक बल पेलू शकतो. म्हणूनच जे वजन उचलवत नाही, ते सावकाश खाली ठेवता येते.

बेळगाव तालुक्यातील आमच्या गावच्या तालमीत दोर चढणे होते. चढताना सगळेच छाती फुगवत. वस्तादांची नजर मात्र उतरण्यावर असे, आणि जो सरसर घसरत खाली येई त्याला ते पुन्हा वर पाठवीत. हातावर हात ठेवत उतरलेल्या दिवसानंतर भाकरी मोडतानाही दंड ठणकत. येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाणाऱ्यांचेही तेच होते: दम चढताना लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. हे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत टिपेला पोहोचते, सवयीने कमी होते आणि ते वाढीचे माप मुळीच नव्हे. आमच्या तालमीत याबाबत भलताच गैरसमज होता.

स्नायूवाढीचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक्सेंट्रिक व्यायामाने सरासरी १० टक्के, तर कॉन्सेंट्रिकने सुमारे ७ टक्के वाढ दिसली. पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. वाढीची तऱ्हा मात्र वेगळी आढळते: एक्सेंट्रिकने तंतूंचे जुडगे लांब होण्याकडे कल असतो, कॉन्सेंट्रिकने त्यांचा स्नायूच्या ओढीच्या दिशेशी होणारा तिरपा कोन वाढण्याकडे.

तेव्हा डंबेल नेहमीसारखे उचलावे आणि दोन-तीन सेकंद घेत उतरवावे. दहा सेकंद लावण्याचा हट्ट नको, कारण त्यासाठी वजनच कमी करावे लागते. आयसोमेट्रिक करायचे झाल्यास स्नायू ताणलेल्या स्थितीत धरावे; बैठकीत अर्ध्यावर थांबण्यापेक्षा मांड्या पुरत्या ताणल्या जातील इतके खाली जाऊन थांबलेले बरे.