वहीत काय लिहिते ती?

फोंड्याहून एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. मुलगी बारावी आर्ट्‌स, ७४ टक्के. तिला म्हणे 'माणसं एकमेकांशी कशी बोलतात' याचा अभ्यास करायचाय. पाहुणे आले की खोलीत जाऊन बसणारी मुलगी बोलण्याचं काय शिकणार, असा वडिलांचा सवाल. त्यापेक्षा हॉटेल मॅनेजमेंट बरं. "विचारलं तर गप्प राहते, म्हणजे तिची ना नाही."

साहेब, मार्कांचं नंतर बघू. आधी तुमच्या या 'ना नाही'चं.

बोलताना पाळी कुणाची हे कसं ठरतं, यावर हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये निबंध लिहिला. 'संभाषण विश्लेषण' (कॉन्व्हर्सेशन ॲनालिसिस) नावाच्या या शाखेत साध्या गप्पा रेकॉर्ड करून जशाच्या तशा उतरवतात, मधली शांतताही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. त्यात दिसलं असं, की होकार सहसा लगेच येतो आणि नकार रेंगाळत, 'अं... बघूया' करत. मुलीनं तुम्हाला उत्तर दिलंय. ती थांबली तिथं तुम्ही पुढचं वाक्य टाकलंत, एवढंच.

हा भाषणकलेचा किंवा व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स नव्हे. जत्रेतल्या नाटकात विंगेत उभा राहणारा प्रॉम्प्टर आठवा. स्टेजवर तो येत नाही, पण कोण कुठं अडखळणार हे नटाआधी त्याला कळतं. तुमचीच तक्रार आहे की ती दुकानात बसून गिऱ्हाइकांचं बोलणं वहीत लिहिते: तुमच्याशी कोंकणीत भाव करणारी बाई दुकानातल्या पोराशी हिंदीत बोलते, उधारीचा विषय निघाला की आवाज उतरतो. अहो, एमएच्या मुलांना हे शिकवावं लागतं!

या नावाची पदवी शोधत बसू नका. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बीए, मग ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात समाजशास्त्राचं एमए, किंवा भाषाविज्ञानासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. समुपदेशनाकडे वळायचं तर मानसशास्त्र घेतलेलं बरं. बीए झाल्या झाल्या चांगला पगार मिळेल, असं मी म्हणणार नाही.

आणि हो, चार पानांत तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि न वाचता टपालात टाका.