एलिप्टिक कर्व्हवर (y²=x³+ax+b सारख्या समीकरणाच्या वक्रावर) रॅशनल पॉइंट (x, y अपूर्णांक चालतात असे) अनंत असू शकतात, मग इंटिजर पॉइंट (x, y पूर्णांक) मोजकेच का? त्यांची संख्या किती होऊ शकते?

मोजकेच असतात हे गणितज्ञ सीगलने १९२९ मध्ये सिद्ध केलं. y²=x³+17 घे, रँक (ज्यांपासून बाकीचे रॅशनल पॉइंट बनतात अशा स्वतंत्र, अनंत पॉइंट देणाऱ्या पॉइंटची संख्या) २, म्हणजे रॅशनल पॉइंट अनंत, पण इंटिजर फक्त १६, आणि त्यात x=5234 सुद्धा आहे, y येतो ±378661, एकदा हाताने ताळा करून बघच, मजा येते!

आता लिमिट. सगळ्या कर्व्हना मिळून एकच आकडा चालत नाही, कारण रॅशनल पॉइंटचे छेद काढायला x ला d² ने, y ला d³ ने गुणलं की नव्या कर्व्हवर हवे तितके इंटिजर पॉइंट तयार होतात. म्हणून बाउंडमध्ये (संख्येच्या वरच्या मर्यादेत) रँक किंवा डिस्क्रिमिनंट (कर्व्हच्या सहगुणकांवरून काढलेली एक संख्या) येतो.

मला सगळ्यात आवडणारी आयडिया म्हणजे इंटिजर पॉइंट एकमेकांना लांब ढकलतात. आपल्या ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर अनोळखी माणसं कशी अंतर सोडून बसतात, तसंच, पॉइंटना रँकइतक्या डायमेन्शनमधले बाण समजलं, तर साधारण सारख्या हाइटच्या (आकडे किती मोठे याच्या मापाच्या) दोन पॉइंटमधला कोन फार लहान होत नाही, मग तिथे किती मावतील ते मोजायचं. गणितज्ञ हेल्फगॉट आणि वेंकटेश यांनी आपल्या पेपरमध्ये हेच वापरलंय. पुढे मंजुल भार्गव आणि सहकाऱ्यांनी बाउंड डिस्क्रिमिनंटच्या साधारण ०.१११७ घातापर्यंत खाली आणला. आधी हेल्फगॉट-वेंकटेशचा पेपरच वाच.