सोलापुरातून आइस हॉकीकडे जायचं असेल तर

आधी चाकांवर तयार हो. इनलाइन स्केट्सच घे, म्हणजे चाकं एका रांगेत असलेले. क्वाडवर (पुढे दोन, मागे दोन चाकं) तोल वेगळा बसतो आणि ती सवय पुढे नडते. सिमेंटच्या कोर्टवर ८२ ते ८४ए कडकपणाची चाकं टिकतात (आकडा मोठा तितकं चाक कडक). मऊ चाकं आपल्या एप्रिलच्या उन्हात तापलेल्या सिमेंटवर भराभर झिजतात, म्हणून सराव पहाटेच कर. स्केट्स घालून उभं राहिल्यावर स्टिक हनुवटीपर्यंत यावी.

बर्फावर गेल्यावर खरी अडचण येते ती थांबण्याची. तिथे दोन्ही पाती आडवी वळवून, वजन पातीच्या कडेवर टाकून बर्फ खरवडत थांबतात. चाकांवर हे तसंच करता येत नाही, त्यामुळे इथले चांगले स्केटरही पहिले काही दिवस थेट मैदानाभोवतीच्या फळीवर आदळतात. बर्फावरच्या सरावासाठी लेहला जानेवारीत जाशील तेव्हा आधी दम जपून दोन-तीन दिवस विश्रांती घे (उंची ३,५०० मीटर आहे), मग फक्त थांबणं घोटव. जी बाजू कच्ची वाटेल तिने जास्त.

पातं बर्फावरून आलं की लगेच कोरडं कर. आपला सोलापुरी टॉवेल यासाठी उत्तम. गार पात्यावर उबदार खोलीत दव धरतं आणि रात्रीत गंज चढतो. प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवू नकोस, त्यात पाणी अडकतं, कापडी घाल.

पैशाचं स्पष्ट सांगतो: आपल्याकडे खेळाडूला नियमित पगार मिळतो तो मुख्यतः लष्कर आणि आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस दल) नोकरीतून. शिक्षण सोडू नकोस.