फुप्फुसांना ताणणारे स्नायू नसतात, मग श्वास घेताना ती फुगतात कशी?

हवा आत शिरते म्हणून छाती फुगते, असं बहुतेकांना वाटतं. आहे नेमकं उलटं: आधी छाती मोठी होते, मग हवा येते. खानापूरकडं लहानपणी लोहाराचा भाता बघितलेला. तो उघडला की हवा आपोआप आत ओढली जायची. तसंच हे.

भाता उघडायचं काम श्वासपटल करतं, म्हणजे छाती आणि पोटामधला घुमटासारखा स्नायू. तो आकसून खाली सपाट होतो, बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर-बाहेर उचलतात. आतला दाब जरासा उतरतो आणि शांत बसलेल्या मोठ्या माणसाच्या छातीत साधारण ५०० मिली हवा येते.

पण छातीमागं फुप्फुसं का जातात? खरी गंमत इथंच. दोघांमध्ये दुपदरी पातळ आवरण असतं आणि पदरांमध्ये थोडासाच द्रव. ओल्या ओट्यावर काचेचं ताट ठेवून बघा: सरकतं सहज, सरळ उचलायला गेलं की सुटत नाही.

श्वास सोडायला एरवी कष्ट नाहीत, ताणलेली फुप्फुसं रबरासारखी आकसतात. येळ्ळूरचा राजहंसगड एका दमात चढलात तर मात्र श्वास घ्यायला मानेचे आणि सोडायला पोटाचे स्नायूही कामाला लागतात.

छातीला जखम होऊन त्या दोन पदरांमध्ये हवा शिरली, तर पकड सुटते. बरगड्या हलत राहतात, पण त्या बाजूचं फुप्फुस आकसून बसतं.